एका प्रश्नाने सावरलेली इमारत

दोस्तांनो, दहीहंडी फोडताना गोविंदांचे थर तुम्ही कधी जवळून पाहिलेत का? सगळ्यांच्या नजरा असतात वरच्या छोट्या गोविंदाकडे. पण पुढच्या वेळी जरा खाली बघा. अगदी खालच्या थरात पाय रोवून, माना खाली घालून, एकमेकांच्या खांद्यात हात गुंफून उभे असलेले दणकट गडी बघा. वरच्या पोराचं वजन दुसऱ्याच्या खांद्यावर, त्या दोघांचं मिळून तिसऱ्याच्या खांद्यावर, असं करत करत सगळं वजन शेवटी जमिनीत जातं. एकाचा पाय डगमगला किंवा एकाचा हात सुटला, की अख्खा मनोरा खाली!

उंच इमारत म्हणजे अशीच एक दहीहंडी. फरक एवढाच, की गोविंदांना दोन मिनिटं उभं राहायचं असतं आणि इमारतीला पन्नास-शंभर वर्षं. तेही उन्हापावसात, वाऱ्यावादळात, पोटात हजारो माणसं घेऊन.

आज मी तुम्हाला अशाच एका उंच इमारतीची खरी गोष्ट सांगणार आहे. ती बांधून झाली, तिचं कौतुक झालं, माणसं तिच्यात कामाला येऊ लागली आणि मग एके दिवशी ती बांधणाऱ्या इंजिनिअरलाच कळलं, की मोठं वादळ आलं तर ही इमारत पडू शकते!

पण थांबा. गोष्ट नीट समजायला आधी थोडी तयारी हवी. एक प्लास्टिकची फूटपट्टी, जुन्या वहीचा पुठ्ठा आणि सात टाचण्या घेऊन बसा. आईबाबा मोकळे असतील तर त्यांनाही बोलवा. त्यांनाही गंमत वाटेल.

लोखंड आणि पोलाद

आपण बोलताना सगळ्यालाच ‘लोखंडी’ म्हणतो. लोखंडी पूल, लोखंडी जिना, लोखंडी शेड. पण आजकालच्या इमारतींच्या सांगाड्यात वापरतात ते पोलाद. लोखंडात अगदी थोडा, म्हणजे शंभर भागांत पाव भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी कार्बन असला, की इमारतीचं साधं पोलाद होतं. ओतीव लोखंडात, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो त्यात, कार्बन बराच जास्त असतो. ते वजनाखाली भक्कम उभं राहतं, पण ओढलं किंवा जोरात ठोकलं तर काचेसारखं तडकतं.

मुंबईत काळा घोडा भागात ‘एस्प्लनेड मॅन्शन’ नावाची एक जुनी इमारत आहे. ती पूर्वी वॉटसन हॉटेल होती. १८६०च्या दशकात तिच्या ओतीव लोखंडी सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार झाले, जहाजात घालून मुंबईला आणले गेले आणि इथे जोडले गेले. ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला सिनेमाचा खेळ झाला, तो याच इमारतीत! पुढे १८८५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात धातूच्या सांगाड्याची दहा मजली इमारत उभी राहिली. तेव्हापासून इमारतींचं वजन जाड भिंतींऐवजी सांगाड्याने पेलायचं, ही पद्धत रुळली. भिंत झाली नुसती कातडी, आणि हाडं झाली पोलादाची.

पोलादाचा एक मोठा गुण लक्षात ठेवा. ते तुटण्याआधी वाकतं, ताणतं. एखादी तार घेऊन वाकवा. ती लगेच मोडत नाही. खडू मात्र टचकन तुटतो. पोलाद जणू आधी ओरडून सांगतं, ‘बाबांनो, मला झेपत नाहीये, पळा!’ इंजिनिअर लोकांना ते आवडतं ते यासाठी.

वजन जातं कुठे?

इमारतीचा हिशेब मांडताना पहिला प्रश्न असा, की तिच्यावर भार कुणाकुणाचा?

एक, तिचं स्वतःचं वजन. हे कायमचं. दोन, माणसं, कपाटं, पुस्तकं, पाण्याच्या टाक्या. हे कमीजास्त होणारं. तीन, वारा. तो बाजूने ढकलतो. चार, भूकंप. तो खालूनच हलवतो. थंड देशांत छपरावर साचणारा बर्फ हाही मोजावा लागतो.

मग दुसरा प्रश्न, हा भार जमिनीपर्यंत जातो कोणत्या वाटेने? तुम्ही वर्गात बाकावर बसला आहात. तुमचं वजन बाकातून फरशीत, म्हणजे स्लॅबमध्ये. स्लॅबमधून आडव्या तुळईत, जिला बीम म्हणतात. बीममधून उभ्या खांबात. खांबातून पायात. पायातून जमिनीत. ही वाट कुठेही तुटता कामा नये. आपल्याकडे कारागीर पोलादी बीमला ‘गर्डर’ म्हणतात. आता एखाद्या रेल्वे स्टेशनवर किंवा कारखान्याच्या शेडमध्ये गेलात, की वर बघा आणि पत्र्यावर पडलेलं पावसाचं पाणी नव्हे, तर पत्र्याचं वजन कोणत्या वाटेने खाली येतं ते बोटाने दाखवून बघा. फार मजा येते.

ओढणं सोपं, दाबणं अवघड

आता फूटपट्टी हातात घ्या. दोन्ही टोकं धरून ओढा. कितीही जोर लावा, तिला काही होत नाही. आता ती टेबलावर उभी धरा आणि वरच्या टोकावर तळहाताने हळूच दाबा. काय झालं? पट्टी मध्येच बाजूला फुगली! ती मोडली नाही, चुरली नाही, नुसती वाकून निसटली.

ओढण्याला म्हणतात ताण. दाबण्याला म्हणतात दाब. ताणात पोलाद सगळी ताकद वापरू शकतं. पण सडपातळ खांबावर दाब आला, की तो ताकद संपण्याआधीच बाजूला बाक घेतो.

किती फरक पडतो म्हणता? बघा हं. एक सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे साधारण करंगळीएवढा चौकोनी पोलादी गज घ्या. साध्या पोलादाचा असा गज ओढला, तर सुमारे अडीच टन वजन लटकेपर्यंत तो कायमचा ताणत नाही. अडीच टन म्हणजे दोन मोटारगाड्या! पण तोच गज एक मीटर लांब कापून उभा केला आणि दोन्ही टोकं नुसती टेकवून वरून दाबला, तर सुमारे १६५ किलोलाच तो बाक घेतो. म्हणजे दोन धष्टपुष्ट माणसं पुरे! तोच गज, तेच पोलाद, पण अडीच हजार किलोच्या जागी १६५.

यावर उपाय काय? पट्टी निम्म्यावर धरून दाबून बघा. आता बराच जास्त जोर लागतो. लांबी निम्मी केली, की बाक यायला चौपट जोर लागतो. म्हणून उंच खांबांना मध्येमध्ये आडवे दांडे बांधून आधार देतात. हे गणित लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलं, तेव्हा पोलादी इमारती स्वप्नातही नव्हत्या!

आडवी पट्टी, उभी पट्टी

आता दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर फूटपट्टी पुलासारखी आडवी ठेवा. मध्ये बोटाने दाबा. लगेच वाकते. आता तीच पट्टी धारेवर उभी करून दाबा. हलत नाही! पट्टी तीन सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असेल, तर धारेवर ठेवल्यावर ती वाकायला शंभरपट कठीण होते. शंभरपट! एक कणही जास्तीचा माल न घालता.

कारण सांगतो. तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि अगदी मधल्या रेषेत जवळजवळ काहीच होत नाही. तेव्हा माल मध्ये ठेवून उपयोग नाही. तो वर आणि खाली, एकमेकांपासून लांब ठेवायला हवा. म्हणूनच गर्डरचा काप इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो. वर एक रुंद पट्टी, खाली एक रुंद पट्टी आणि मध्ये त्यांना जोडणारी पातळ उभी पट्टी. रेल्वेचा रूळही जवळपास तसाच.

त्रिकोणाची करामत

आता पुठ्ठ्याच्या एकसारख्या सात पट्ट्या कापा. चार पट्ट्यांचा चौकोन टाचण्यांनी जोडा, आणि तीन पट्ट्यांचा त्रिकोण. (टाचणीचं टोक जपून!) चौकोनाला कोपऱ्यातून ढकला. तो कलंडून तिरका होतो. त्रिकोणाला ढकला. ढिम्म! बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही.

वारा इमारतीला बाजूने ढकलतो, तेव्हा खांब आणि बीम यांचा चौकोन असाच कलंडायला बघतो. त्यात एक तिरका दांडा घातला, की एका चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि काम फत्ते. विजेच्या तारांचे मनोरे, शेडच्या छपराच्या कैच्या, रेल्वेचे पूल, सगळीकडे त्रिकोणच त्रिकोण दिसतात ते याचसाठी.

सांधा सुटला तर?

शेवटचा धडा, आणि आजच्या गोष्टीत सर्वात महत्त्वाचा. दहीहंडीत गडी कितीही दणकट असो, त्याने शेजाऱ्याचा खांदा घट्ट धरला नाही तर काय उपयोग? इमारतीतही दांडे जिथे एकमेकांना जोडले जातात, तो सांधा तेवढाच भक्कम हवा.

पूर्वी रिव्हेट वापरत. लालभडक तापवलेला खिळा भोकात घालून ठोकून बसवायचा. आता नटबोल्ट वापरतात किंवा वेल्डिंग करतात. वेल्डिंगमध्ये दोन भागांमध्ये धातू वितळवून त्यांना एकजीव करतात. उत्तम वेल्डिंग केलेला सांधा मूळ दांड्याइतका भक्कम करता येतो, पण ते काम कौशल्याचं आणि महागाचं. बोल्ट स्वस्त, पटकन होणारे आणि तपासायला सोपे. त्यांत वाईट काही नाही. फक्त किती बोल्ट लागतील याचा हिशेब बिनचूक हवा.

झाली तयारी! आता चला अमेरिकेला.

चर्चवर उभी राहिलेली इमारत

न्यूयॉर्क शहरात एका मोठ्या बँकेला आपलं मुख्य कार्यालय बांधायचं होतं. जागा मिळाली, पण एका कोपऱ्यावर एक जुनं चर्च होतं. चर्चच्या मंडळींनी सांगितलं, ‘जुनं पाडा, पण याच कोपऱ्यावर आम्हाला नवं चर्च बांधून द्या. आणि तुमचा खांब आमच्या चर्चमधून जाता कामा नये.’

आता आली का पंचाईत? इमारतीचे खांब कोपऱ्यांत असतात. टेबलाचे पाय असतात तसे. कोपऱ्यात खांब नको तर इमारत उभी कशी करायची?

इंजिनिअर होते विल्यम लमेझर. त्यांनी भन्नाट युक्ती काढली. चार मोठे खांब चार कोपऱ्यांत न घालता चारही बाजूंच्या बरोबर मध्यावर घातले, आणि एक भक्कम गाभा इमारतीच्या पोटात. हे खांब सुमारे ३५ मीटर, म्हणजे नऊ मजले उंच! त्यांच्यावर इमारत अशी उभी, की चारही कोपरे अधांतरी आणि एका कोपऱ्याखाली ऐटीत चर्च. एखादं टेबल घ्या, त्याचे पाय कोपऱ्यांतून काढून बाजूंच्या मध्यावर लावा, म्हणजे कल्पना येईल.

मग कोपऱ्यांचं वजन मधल्या खांबांपर्यंत आणायचं कसं? त्रिकोणांनी! इमारतीच्या प्रत्येक बाजूला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे प्रचंड पोलादी दांडे, एकेक ‘व्ही’ आठ मजले उंच. ते कोपऱ्यांचं वजनही मध्यावर आणणार आणि वाऱ्यालाही तोंड देणार. वरच्या मजल्यावर सुमारे ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर ठेवला. इमारत वाऱ्याने एकीकडे झुकली, की ठोकळा मागे रेंगाळतो आणि तिचं डोलणं कमी करतो. आगगाडीत उभे असताना गाडी सुटली की आपण मागे झुकतो ना, तसंच काहीसं.

१९७७ मध्ये ही ५९ मजली, २७९ मीटर उंच इमारत खुली झाली. नाव होतं ‘सिटीकॉर्प सेंटर’. लमेझर यांचं जिकडेतिकडे कौतुक झालं.

एक फोन

१९७८ चा जून महिना. लमेझर यांच्या ऑफिसात फोन वाजला. पलीकडे इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी होता. त्याचं म्हणणं असं, की आमचे प्राध्यापक सांगतात, तुम्ही खांब चुकीच्या जागी घातलेत. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठात डायन हार्टली ही विद्यार्थिनीही याच इमारतीवर प्रबंध लिहीत होती आणि कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब मांडत होती.

एवढा नामवंत इंजिनिअर. ‘तू मला शिकवणार?’ म्हणून फोन आपटला असता तर? पण लमेझर यांनी त्या विद्यार्थ्याला सगळं समजावून सांगितलं. एवढंच नव्हे, तर ‘हा विषय आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायला चांगला आहे’ असं वाटून ते स्वतः पुन्हा गणित मांडायला बसले.

न्यूयॉर्कच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे वारा समोरून आला तर काय होईल, एवढंच तपासणं पुरेसं होतं. कोपऱ्यांत खांब असलेल्या नेहमीच्या इमारतीत तोच वारा जास्त त्रासाचा. पण इथे खांब होते मध्यावर! कोपऱ्यावरून आलेला तिरका वारा इमारतीला एकाच वेळी दोन दिशांनी ढकलतो. लमेझर यांच्या हिशेबात अशा वाऱ्यात काही तिरक्या दांड्यांवरचा जोर ४० टक्क्यांनी वाढत होता.

४० टक्के वाढ दांडे कशीबशी सोसतील. पण सांधे? आणि इथे लमेझर यांना एक गोष्ट आठवली. महिन्याभरापूर्वीच त्यांना कळलं होतं, की त्यांनी सांगितलेल्या वेल्डिंगऐवजी या दांड्यांचे सांधे बोल्टने जोडले होते. खर्च वाचावा म्हणून कंत्राटदाराने ते सुचवलं आणि लमेझर यांच्याच ऑफिसने मान्य केलं होतं. बोल्टची संख्या काढली होती समोरच्या वाऱ्यावरून.

धोक्याची वजाबाकी

आता वही-पेन्सिल घ्या. हे गणित पाचवीच्या मुलालाही जमेल.

इमारतीचं वजन तिरक्या दांड्याला दाबतं. वारा त्याच दांड्याला ओढतो. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. सोपं जावं म्हणून समजा, वारा ४ भाग ओढतो आणि वजन ३ भाग दाबतं. मग सांध्यावर ताण उरला ४ वजा ३, म्हणजे १ भाग. बोल्ट घातले १ भागापुरते.

आता वाऱ्याचा जोर ४० टक्के वाढला. ४ चे झाले ५.६. वजन मात्र तेवढंच, ३. मग सांध्यावर ताण किती? ५.६ वजा ३, म्हणजे २.६. एकाचे झाले २.६. वारा वाढला ४० टक्के, पण सांध्यावरचा ताण वाढला तब्बल १६० टक्के!

लमेझर यांनाही सांध्यांसाठी हाच १६० टक्क्यांचा आकडा मिळाला. बघितलंत ना? वजाबाकीत एक आकडा थोडासा बदलला, तर उत्तर किती प्रचंड बदलतं!

एरवी इमारतीच्या हिशेबात थोडी सवड ठेवलेलीच असते. आपल्या देशात पोलादी इमारतींसाठी ‘आयएस ८००’ हा नियमग्रंथ आहे. तो पहिल्यांदा १९५६ मध्ये निघाला आणि २००७ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. त्यानुसार सर्वसाधारणपणे अंदाजाचा भार दीडपट धरतात. म्हणजे १० टन येणार असतील, तर १५ टनांची तयारी करायची. वर पोलादाची ताकदही थोडी कमीच धरायची. कारण माणूस चुकतो, माल थोडा उणाअधिक निघतो आणि वारा कुणाचं ऐकत नाही. पण एकाचे २.६ झाले, तर ही सवडही पुरणार कशी?

लमेझर कॅनडात गेले. तिथे वाऱ्याच्या बोगद्यात या इमारतीच्या छोट्या प्रतिकृतीवर प्रयोग झाले होते. तिथल्या तज्ज्ञांकडून आकडे घेतले. मग एका तलावातल्या बेटावरच्या आपल्या घरी जाऊन एकेका मजल्याचा, एकेका सांध्याचा हिशेब केला. तिसाव्या मजल्याचा सांधा सर्वांत कच्चा निघाला. वीज गेली आणि वरचा ठोकळा बंद पडला, तर दर सोळा वर्षांत एकदा येईल एवढ्या वादळातही तो तुटू शकेल, असा निष्कर्ष निघाला. तो एक तुटला, की पुढे अख्खी इमारत. आणि वादळांचा हंगाम तर तोंडावर आलेला!

आता काय करायचं?

दोस्तांनो, इथे क्षणभर थांबा. लमेझर यांच्या जागी तुम्ही असता तर?

चूक कुणालाच ठाऊक नव्हती. गप्प बसलं असतं तर कदाचित वर्षानुवर्षं काहीच झालं नसतं. आणि बोललं तर? नाव जाणार, कामं जाणार, कोर्टकचेऱ्या होणार. पण गप्प बसलं आणि वादळ आलं तर?

लमेझर यांनी ठरवलं, बोलायचं. ऑगस्टच्या सुरुवातीलाच त्यांनी वकिलांना, इमारतीच्या वास्तुविशारदाला आणि बँकेच्या मोठ्या अधिकाऱ्यांना भेटून स्वतःच सगळं सांगितलं. चूक काय आहे ते सांगितलं आणि ती दुरुस्त कशी करायची तेही सांगितलं. उपाय तसा साधा होता. बोल्टच्या प्रत्येक कच्च्या सांध्यावर पाच सेंटिमीटर जाडीची पोलादी पट्टी वेल्डिंगने बसवायची. असे सांधे होते दोनशेहून अधिक.

काम सुरू झालं. संध्याकाळी ऑफिसं सुटली, की सुतार सांध्यांभोवती प्लायवूडची खोकी उभारत, भिंतीचं आवरण काढत. रात्री आठला वेल्डर येत. पहाटे चारपर्यंत वेल्डिंगच्या ठिणग्या उडत. मग सफाई कामगार सगळं झाडूनपुसून ठेवत, आणि सकाळी लोक आपल्या टेबलांवर येऊन नेहमीसारखे बसत.

दरम्यान हवामानतज्ज्ञ दिवसरात्र वाऱ्याचे अंदाज देत होते. गरज पडली तर आजूबाजूचा भाग रिकामा करायची गुप्त योजनाही तयार होती. आणि सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी बातमी आली. ‘एला’ नावाचं चक्रीवादळ समुद्रातून न्यूयॉर्कच्या दिशेने येतंय! काम अजून पूर्ण व्हायचं होतं. सगळ्यांनी श्वास रोखून धरले. सुदैवाने वादळ वळलं आणि समुद्रातच निघून गेलं.

शरद ऋतूत काम पूर्ण झालं. आता ही इमारत सातशे वर्षांत एखाद्या वेळी येईल अशा वादळालाही तोंड देईल, असा हिशेब निघाला. आजही ती न्यूयॉर्कमध्ये दिमाखात उभी आहे. फक्त तिचं नाव बदललंय.

गोष्टीची दुसरी बाजू

गोष्ट इथे संपली असती, तर सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले असते. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ही हकिगत सामान्य लोकांपासून लपवून ठेवली गेली. त्या वेळी न्यूयॉर्कमधल्या वर्तमानपत्रांचा संप होता, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. इमारतीत काम करणाऱ्या आणि शेजारी राहणाऱ्या लोकांना खरं कारण सांगितलंच नाही. १९९५ मध्ये एका साप्ताहिकात लेख छापून आला, तेव्हा जगाला ते कळलं. म्हणजे तब्बल १७ वर्षांनी!

लमेझर यांनी चूक कबूल केली, म्हणून अनेक कॉलेजांत त्यांचं उदाहरण देतात. आणि लोकांना अंधारात ठेवलं, म्हणून त्यांच्यावर टीकाही होते. अलीकडे अमेरिकेतल्या संशोधकांनी आधुनिक पद्धतीने हाच हिशेब पुन्हा केला, तेव्हा तिरक्या वाऱ्याचा धोका तेव्हा वाटला होता तेवढा मोठा नव्हता, असंही दिसून आलं. पण १९७८ मध्ये हातात होते ते आकडे भीतिदायक होते, आणि हातातल्या आकड्यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो. लोकांना सांगायला हवं होतं की घबराट टाळली हे बरं झालं? आज रात्री जेवताना आईबाबांशी याबद्दल जरूर बोला. दोघांची मतं वेगळी निघाली तर आणखी मजा!

तुमच्यासाठी गृहपाठ (पण गोड!)

१. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर पोलादी सांगाडे शोधा. एसटी स्टँडची शेड, पादचारी पूल, मोबाइलचा मनोरा. कुठे बोल्ट आहेत, कुठे वेल्डिंग आहे, ते वहीत लिहा. त्रिकोण मोजा. (बघायचं लांबूनच, वर चढायचं नाही!)

२. त्या सांगाड्यांवर गंज दिसतो का? गंजलेलं पोलाद झिजून पातळ होतं, आणि पातळ दांडा लवकर बाक घेतो, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच वेळच्या वेळी रंग लावणं ही नुसती शोभा नाही. कुठे फारच गंज किंवा निसटलेला बोल्ट दिसला, तर मोठ्यांना नक्की सांगा.

३. जुन्या वर्तमानपत्राच्या घट्ट सुरनळ्या करून त्यांचा पूल बांधा. दोन खुर्च्यांमध्ये ठेवून त्यावर एकेक पुस्तक ठेवत जा. पूल कुठे मोडला ते नीट बघा, दांड्यात की सांध्यात? बहुतेक वेळा उत्तर सांध्यात सापडेल.

आणि एक शेवटचं. वर्गात एखादी गोष्ट पटली नाही, की आपण हात वर करायला लाजतो. ‘बाई काय म्हणतील, मुलं हसतील’ असं वाटतं. पण ५९ मजल्यांची ती इमारत आठवा. एका शिकणाऱ्या पोराने फोन उचलून विचारलं, ‘खांब तिथे का?’ आणि विचारलं म्हणूनच एका मोठ्या माणसाने आपलं गणित पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

तेव्हा उद्या वर्गात शंका आली, तर करा बरं हात वर!